तीन चाकं, एक मोटर आणि बरेच गैरसमज

२०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नेदरलँड्सच्या नाइमेखेन शहरातल्या डॉक्टरांनी एक छोटीशी नोंद छापली, सोबत चित्रफीतही दिली. रुग्ण ५८ वर्षांचा, पार्किन्सन दहा वर्षांपासूनचा. चालायला लागला की पाय जमिनीला चिकटायचे आणि चार पावलांत तोल जायचा. त्याच माणसाला सायकलवर बसवलं तेव्हा तो सरळ गेला, वळला, परत आला. खाली उतरला आणि पाय पुन्हा जागच्या जागी थिजले.

'ज्याला धड चालता येत नाही, तो सायकल काय चालवणार?' हा प्रश्न आपल्याकडे उत्तर गृहीत धरूनच विचारला जातो. पण चालणं आणि पेडल मारणं या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालताना दर पावलाला सगळं वजन एका पायावर येतं. सायकलवर ते सीट पेलते. पायांना फक्त गोल फिरायचं असतं आणि एक पाय वर येतो तो दुसऱ्याने खाली दाबल्यामुळे. म्हणून संधिवाताचे गुडघे, झिजलेला खुबा किंवा पक्षाघातानंतर दुबळा राहिलेला पाय असलेल्या अनेकांना चालण्यापेक्षा सायकल सोपी जाते.

अडतं ते दुसरीकडे. दांड्यावरून पाय पलीकडे टाकणं, तोल सांभाळणं, सिग्नलला थांबताना पाय टेकवणं आणि चढावर लागणारा जोर. यातल्या पहिल्या तिन्ही अडचणी तिसरं चाक आणि खालची सीट मिटवतात, चौथी मोटर. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या या विजेच्या तीनचाकीला युरोप-अमेरिकेत रिकंबंट ई-ट्राइक म्हणतात. पुढे दोन चाकं आणि मागे एक असेल तर ती 'टॅडपोल', उलट असेल तर 'डेल्टा'. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलची आयसीई, जर्मनीत हासे आणि एचपी वेलोटेक्निक, अमेरिकेत कॅटट्राइक आणि टेराट्राइक ही त्यातली जाणती नावं.

'हे आजाऱ्यांचं वाहन आहे'

इतिहास नेमका उलटा आहे. पॅरिसमध्ये शार्ल मोशे नावाचा माणूस रेलून चालवायच्या सायकली बनवायचा. १९३३च्या जुलैमध्ये त्याच्या दुचाकी 'वेलोकार'वर फ्रान्सिस फोर या दुय्यम समजल्या जाणाऱ्या स्वाराने एका तासात ४५ किलोमीटरच्या वर मजल मारली आणि ऑस्कर एगचा १९१४पासून टिकलेला विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने काय करावं? १९३४ साली शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी बदलली की रेललेल्या सायकली स्पर्धेतून बाद. आजही त्या बादच आहेत. म्हणजे ही बैठक मागे पडली ती फार वेगवान ठरली म्हणून, आणि पुढे तिच्यावर शिक्का बसला तो मात्र 'आरामाची गाडी' असा! आपल्याकडे तीनचाकी म्हटलं की डोळ्यांपुढे शिबिरात वाटली जाणारी हाताने फिरवायची सायकल येते, त्यामुळे हा शिक्का आणखी घट्ट. ती सायकल ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी आहे. ट्राइक पायांनीच चालते.

'मोटर लावली की व्यायाम संपला'

युरोपीय नियमांत बसणाऱ्या विद्युत सायकलीची मोटर २५० वॅटची असते, पेडल फिरत असेल तेव्हाच मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. पाय थांबले की मोटर थांबली. या सायकलींवरच्या अभ्यासांचे एकत्रित आढावे सांगतात की त्यांवर होणारा व्यायाम निदान मध्यम दर्जाचा असतो, म्हणजे झपझप चालण्याच्या तोडीचा. २०१९मध्ये युरोपातल्या सात शहरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विद्युत सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण ते लांब जातात.

आजारपणात मोटरचं खरं मोल मात्र वेगळंच आहे. साध्या सायकलवर किती दम लागणार हे चढ ठरवतो. मोटर असेल तर ते चालवणारा ठरवतो. हृदयविकारानंतर डॉक्टरांनी नाडीची मर्यादा घालून दिलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये थकवा सांगून येत नाही. जाताना टुणटुणीत असलेले पाय परतताना लाकडासारखे होतात. 'अर्ध्या वाटेत अडकलो तर?' या भीतीने जे घराबाहेरच पडत नाहीत, त्यांच्यासाठी बॅटरी म्हणजे परतीचं तिकीट. त्याच आजारात शरीर तापलं की लक्षणं तात्पुरती बळावतात, हेही ध्यानात ठेवावं. रेलून बसलं की ऊन सरळ तोंडावर येतं आणि पाठ सीटला चिकटून घामेजते. वैशाखातल्या दुपारी ही बैठक सुखाची नाही.

इथे एक तांत्रिक बाब दुकानदार सहसा आपणहून सांगत नाहीत. मोटरला किती मदत करायची हे सेन्सर सांगतो आणि तो दोन तऱ्हेचा असतो. एक पायाचा जोर मोजतो: जितका दाब, तितकी मदत. धडधाकट माणसाला हा फार आवडतो. पण ज्याच्या पायात जोरच नाही त्याला मोटर सर्वांत कमी मदत करते, म्हणजे गरजेच्या नेमकं उलट. दुसरा सेन्सर पेडल फिरतंय एवढंच पाहतो, दाब कितीही असो. दुबळ्या पायांना हा बरा. शिवाय काही स्वस्त सेन्सर एकाच बाजूचा जोर मोजतात. पक्षाघाताने तीच बाजू गेली असेल तर ट्राइक धक्के खात चालते, किंवा चालतच नाही. जोर मोजणाऱ्या चांगल्या प्रणालीत मदतीचं प्रमाण वाढवून घेता येतं, पण तशी मागणी आपल्याला करावी लागते.

'तीन चाकं आहेत, म्हणजे पडायची भीती नाही'

उभी असताना ती पडत नाही, हे खरं. वेगात वळताना मात्र उलटू शकते. दुचाकी वळणावर स्वतः झुकते, ट्राइक झुकत नाही, म्हणून चालवणाऱ्याने धड वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावं लागतं. ज्यांचा कमरेवरचा ताबा कमी आहे त्यांना हे जमत नाही आणि उतारावर वेग आधीच कमी करणं एवढाच उपाय उरतो. सीट जितकी उंच, तितका हा धोका जास्त.

याहून गंभीर धोका पायांचा आहे आणि नवख्यांना तो सुचतही नाही. पाय पेडलवरून निसटून जमिनीला टेकला आणि ट्राइक पुढेच जात राहिली, तर पाय मागे ओढला जाऊन पुढच्या आडव्या दांड्याखाली सापडतो. घोटा मोडू शकतो, नडगीही. पायाला बधिरपणा असेल किंवा पाऊल लोंबत असेल, तर पाय निसटल्याचं कळायलाही उशीर होतो. म्हणून टाचेला कप आणि वरून पट्टा असलेलं पेडल, किंवा पोटरीपर्यंत आधार देणारं पेडल, अशांसाठी अत्यावश्यक. माझ्या मते त्याशिवाय अशा माणसाला पहिल्या फेरीलाही बसवू नये.

आणि फिट येण्याचा त्रास असेल, तर तिसरं चाक काही राखण करत नाही. पाय बांधलेला माणूस शुद्ध हरपून चालत्या ट्राइकवर राहतो. अशांना, तसंच दृष्टी अधू असलेल्यांना, एक वाट आहे. काही ट्राइक एकामागे एक जोडता येतात: मागच्या ट्राइकचं पुढचं चाक काढून ती पुढच्या ट्राइकला अडकवायची. मागचा पेडल मारतो, हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हाती.

'रेलून बसलं की गुडघ्यांना आराम'

अर्धसत्य. दुचाकीवर गुडघ्यावर फार तर शरीराच्या वजनाइतका जोर टाकता येतो, फार जोर लावला तर आपण सीटवरून उचलले जातो. ट्राइकवर पाठीला सीटचा टेकू असतो, त्यामुळे वजनापेक्षाही जास्त रेटा देता येतो आणि जड गिअरमध्ये नेटाने ढकलणाऱ्यांचे गुडघे महिनाभरात कुरकुरू लागतात. हलका गिअर आणि भराभर फिरणारे पाय हीच इथली रीत. सीटपासून पेडलचं अंतर चुकलं तरी तेच. गुडघा पुरता वाकत नसेल तर क्रँक, म्हणजे पेडल धरणारी दांडी, आखूड करून मिळते. नेहमीची १७० मिलिमीटरची असते. ती १५० किंवा त्याहून कमी केली की गुडघ्याचं वाकणं लक्षणीय घटतं. एकच गुडघा आखडलेला असेल तर त्या बाजूला झोके घेणारं पेडल बसवतात.

मान आणि मनगटांना मात्र खरोखर आराम मिळतो, कारण हातांवर भारच नसतो. पाठीचं माणसागणिक बदलतं. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांनी व्हीलचेअरसारखीच दाबजखमांची काळजी घ्यायची, जाळीची सीट पुरेशी समजायची नाही.

गिअरचंही एक सांगायला हवं. चढावर जड गिअरमध्ये थांबलात, तर ट्राइकवर उभं राहून जोर लावता येत नाही आणि साध्या सायकलीसारखे गिअर चाक फिरल्याशिवाय बदलत नाहीत. मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेले गिअर थांबलेल्या अवस्थेतही बदलतात. हात-पाय मंद चालणाऱ्यांनी त्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत.

'एकच हात चालतो, मग काय उपयोग?'

टॅडपोलवर पुढच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. दोन्ही तारा एका मुठीवर आणता येतात, गिअर त्याच बाजूला घेता येतात, निकामी हात टेकायला पन्हाळीसारखा आधार लावता येतो. पाय पूर्ण लुळे असणाऱ्यांसाठीही प्रयोग झाले आहेत. २०१६मध्ये झुरिकजवळ झालेल्या सायबॅथलॉन स्पर्धेत मज्जारज्जूच्या इजेने पाय लुळे पडलेल्या स्पर्धकांनी स्नायूंना विजेची चेतना देऊन अशाच ट्राइकची शर्यत लावली. ते तंत्र डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीचं आहे, घरच्या घरी करायचं नव्हे.

'इतकी बुटकी गाडी ट्रकवाल्याला दिसणार कशी?' या शंकेचं उत्तर थोडक्यात: उंच काठीवरचा झेंडा, दिवसाही चालू दिवा आणि दोन्ही बाजूंना आरसे. मान वळत नसेल तर आरशांशिवाय निघूच नये.

खऱ्या अडचणी

गैरसमजांत गुंतलेले लोक या अडचणींबद्दल विचारतच नाहीत. पहिली उठण्या-बसण्याची. खेळाच्या ट्राइकची सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असते, दुबळ्या मांड्यांना तिथून उठणं अशक्यप्राय. खुर्चीइतक्या उंचीच्या सीटची मॉडेल मिळतात, उठताना धरायचे दांडे आणि कुबड्या अडकवायचे हूक मिळतात. दुसरी रुंदीची. ट्राइक साधारण ७५ ते ८५ सेंटिमीटर रुंद आणि मोटरसकट तीस-चाळीस किलो भरते. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ती ठेवायची कुठे?

तिसरी अडचण वाटेवरची. इंग्लंडमध्ये मोटारसायकली अडवायला सायकलमार्गांवर लावलेले अडसर ट्राइकलाही अडवतात. 'इथे सायकलवरून उतरून चाला' ही पाटी तर ज्याला चालताच येत नाही त्याची थट्टाच. लंडनची 'व्हील्स फॉर वेलबीइंग' ही संस्था २००७पासून याच लोकांसाठी काम करते; सायकललाही चालण्याचं साधन म्हणून मान्यता द्या, ही तिची मागणी. २०२०च्या सरकारी मार्गदर्शिकेने रस्ते आखताना १.२ मीटर रुंद आणि २.८ मीटर लांब सायकल गृहीत धरायला आणि अडसरांमध्ये दीड मीटर मोकळी जागा ठेवायला सांगितलं. जुने अडसर अजून जागोजागी उभे आहेत.

आणि आपल्याकडे?

'विजेवर चालते, म्हणजे लायसन्स लागणार' हेही सरसकट खरं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी पेडल-सहाय्याची सायकल मोटार वाहनात गणली जात नाही. पण अधिकृत चाचणी संस्थेने तसं तपासून द्यावं लागतं. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. अमेरिकेत मात्र ७५० वॅटपर्यंतची मोटर सायकलीतच मोडते. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांनी हौसेने पाठवलेली ट्राइक इथल्या व्याख्येबाहेर जाऊ शकते. आयात आणि सीमाशुल्क धरून किंमत भारी पडते आणि बुटक्या टॅडपोलचं पोट आपल्या गतिरोधकांवर घासतं. आपल्या रस्त्यांसाठी उंच सीटची, जाड टायरची डेल्टा बरी, आणि फिरण्यासाठी कॅम्पस, सोसायटीचे अंतर्गत रस्ते, पहाटेचे मोकळे मार्ग.

घेण्याआधी चालवून बघण्याची संधी मिळाली तर स्वतःच्या नेहमीच्या बुटांनिशी, कुबडी किंवा काठी सोबत घेऊन जावं आणि सेन्सर कोणत्या तऱ्हेचा हे विचारावं. सीटवर बसण्या-उठण्याची चाचणी सगळे सुरुवातीला, ताजेतवाने असताना घेतात. ती फेरी संपल्यावर, पाय थकलेले असताना, कुणाच्याही मदतीशिवाय घ्यावी.