चोडण : गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सीमेवरील अभयारण्य

गोव्यात मांडवी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी चोडण बेटाला वळसा घालून पणजीकडे येते. या बेटाच्या पश्चिम टोकास डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेथे जाता येते.

येथील पाणी वर्षभर सारखे नसते. पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणाऱ्या लोंढ्यामुळे ते बरेचसे गोडे होते. पाऊस सरला की भरतीबरोबर खारे पाणी नदीपात्रात कित्येक किलोमीटर आत शिरते. हा बदल फार थोड्या वृक्षांना सोसतो. खारफुटीचे वृक्ष त्यांपैकी होत. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात व त्याची पाने जादा मीठ बाहेर टाकतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि मग खाली पडते. या मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो. मासे व कोळंबी यांच्या पिलांना आसरा मिळतो.

भेट ठरविताना भरती-ओहोटीचे वेळापत्रक अवश्य पाहावे. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावरील खेकडे व निवट्या टिपण्यासाठी पक्षी उतरतात. अरुंद ओहळांतून होडी नेण्यास मात्र भरती लागते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे सहलीची आखणी करणाऱ्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय.

याच भरतीशी गोव्यातील शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जमवून घेतले आहे. खाडीकाठच्या खाजण जमिनींना मातीचे बांध असून त्यांत ‘मानस’ नावाची दारे बसविलेली असतात. भरतीच्या दाबाने दार मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातील जादा पाणी बाहेर जाते. बांध फुटल्यास खारे पाणी शिरून भातशेती नापीक होते. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मारा प्रथम आपल्या अंगावर घेते. म्हणून ती तोडणे म्हणजे बांध उघडा पाडणे होय.

चोडणला पक्षी पाहावयास जाणाऱ्या पंचायत सदस्यांनी हे बांधही पाहावेत. खारफुटीचे रक्षण हा केवळ वन खात्याचा विषय नसून गावाच्या शेतीचा व मासळीचाही प्रश्न आहे, हे तेथे सहज उमगते.