जुना संगणक मुका का होतो?

गोंदिया, प्रतिनिधी – भंडाऱ्यापासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा 'विंडोज ९८' बाजारात येऊन वर्षही झाले नव्हते. पुढे २००१ मध्ये 'विंडोज एक्सपी' आली. त्या काळातील संगणक आजही एखाद्या शाळेच्या कपाटात वा घराच्या माळ्यावर सापडतात. धूळ झटकून बटण दाबले की पडदा उजळतो. आवाज मात्र येत नाही. अशा वेळी संगणक भंगारात काढण्याची घाई होते. वास्तविक दोष बहुधा यंत्रात नसून 'ड्रायव्हर' या छोट्या प्रोग्रामच्या अभावात असतो.

आवाज नसला तर काय अडते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दृष्टिहीन व्यक्तीसाठी आवाज हाच संगणकाचा पडदा होय. 'एनव्हीडीए' हा मोफत प्रोग्राम पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतो आणि त्यात मराठीचीही सोय आहे. २०१७.३ ही त्याची एक्सपीवर चालणारी अखेरची आवृत्ती. दुसरी गरज झाडीपट्टीची आहे. दंडार आणि नाटकांच्या घरोघरी पडून असलेल्या कॅसेट संगणकात उतरवायच्या, तर टेपरेकॉर्डर जोडण्यासाठी 'लाइन-इन' हे छिद्र लागते. जुन्या संगणकांत ते सहसा असते. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये ते नसते.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

संगणक प्रणाली आणि ध्वनियंत्रणा यांच्यात ड्रायव्हर दुभाष्याचे काम करतो. हार्ड डिस्क पुसून प्रणाली नव्याने टाकली, की हा दुभाषी नाहीसा होतो. एक्सपीच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'मल्टीमीडिया ऑडिओ कंट्रोलर' या नावापुढे पिवळे चिन्ह दिसले, तर ड्रायव्हर नाही असे समजावे.

तत्पूर्वी साध्या गोष्टी तपासाव्यात. स्पीकरची पिन हिरव्या छिद्रात हवी. निळे छिद्र लाइन-इनचे, तर गुलाबी माइकचे असते. आवाजाच्या खिडकीत 'म्यूट'ची खूण नसावी. बायोसमध्ये मदरबोर्डवरील ऑडिओ बंद केलेला नसावा. इंटेलच्या पद्धतीच्या अनेक जुन्या मदरबोर्डवर पुढच्या ऑडिओ जोडणीच्या ५-६ आणि ९-१० या पिनांवर छोटे जंपर असतात. सफाई करताना ते निघाले, तर मागील छिद्रातून आवाज येणे थांबते.

चिप ओळखण्याची खूण

डिव्हाइस मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये उपकरणाचा सांकेतिक क्रमांक मिळतो. त्यातील ८०८६ म्हणजे इंटेल, ११०६ म्हणजे व्हीआयए. मात्र येथेच अनेकांची फसगत होते. 'एसी ९७' या पद्धतीत ध्वनियंत्रणेचे दोन भाग असतात. नियंत्रक मदरबोर्डच्या मुख्य चिपसेटमध्ये असतो, तर प्रत्यक्ष आवाज घडवणारी 'कोडेक' चिप रिअलटेक वा अन्य कंपनीची असते. क्रमांक इंटेलचा दिसला, तरी ड्रायव्हर कोडेकनुसार लागतो. म्हणून संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण बंद करून ऑडिओच्या छिद्रांजवळील चौकोनी चिपवरील अक्षरे व मदरबोर्डचे मॉडेल टिपून घ्यावे.

आधी चिपसेटचा, मग ध्वनीचा ड्रायव्हर टाकावा. २००४ नंतरच्या 'एचडी ऑडिओ' मदरबोर्डसाठी एक्सपीत 'सर्व्हिस पॅक ३' असावा. त्याआधीच्या एक्सपीत मायक्रोसॉफ्टचा वेगळा घटक प्रथम टाकावा लागे. विंडोज ९८ पेन ड्राइव्ह आपणहून ओळखत नाही, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हरची सीडी तयार करणे सोयीचे. त्याहून जुन्या 'साउंड ब्लास्टर' कार्डांना डॉसमध्ये पत्ता २२०, आयआरक्यू ५ आणि डीएमए १ ही मांडणी सहसा चालते. आयआरक्यू ७ निवडल्यास प्रिंटरशी टक्कर होऊ शकते.

शेवटचे दोन उपाय

ड्रायव्हर सापडलाच नाही, तर काही शे रुपयांचे साधे यूएसबी साउंड कार्ड एक्सपीत बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते. मात्र कॅसेट उतरवायची असल्यास त्यावर लाइन-इन आहे याची खात्री करावी. अनेक कार्डांवर केवळ माइकची सोय असते. दुसरा उपाय हलक्या लिनक्सचा. डिसेंबर २००३ मधील २.६ कर्नलपासून 'अल्सा' ही ध्वनिप्रणाली लिनक्सचाच भाग असल्याने एसी ९७ चे बहुतेक ड्रायव्हर त्यात तयार असतात.

एक पथ्य मात्र पाळावे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चे साहाय्य जुलै २००६ मध्ये, तर एक्सपीचे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले. त्यामुळे हे संगणक इंटरनेटला न जोडणेच श्रेयस्कर. वाचन ऐकण्यासाठी वा कॅसेट जतन करण्यासाठी इंटरनेटची गरजही नाही. शिवाय कॅसेटची फीत वर्षागणिक झिजते. संगणक दुरुस्त करण्याचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, ते त्यासाठीच.