फोटो का फाटतो?

मोबाइलवर आलेला आजोबांचा फोटो फ्लेक्ससाठी मोठा केला आणि चेहरा फाटला; एआयने तो पूर्ववत होईल का, असं एका वाचकाने विचारलंय. चेहरा मिळेल, पण तो आजोबांचाच असेल याची खात्री नाही.

मोबाइलवरून पाठवताना फोटो बहुधा लहान केला जातो. १६०० बाय १२०० पिक्सेलचा फोटो ४०० बाय ३०० केला, की १६ पिक्सेलच्या जागी एकच उरतो, बहुधा त्यांच्या उजळपणाची सरासरी घेऊन. समजा, ती १२० आली. तिथे सगळे १२० होते, म्हणजे सपाट गाल होता, की आठ ४०चे आणि आठ २००चे, म्हणजे भुवईची कड होती? १२० या आकड्यात याची कसलीच खूण राहत नाही. सरासरी न काढता एकच पिक्सेल उचलला, तर आणखी पंचाईत: चौकडीच्या शर्टावर नसलेल्या लाटा उमटतात.

मोठं करताना मधल्या जागा शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायच्या. बायलिनियर पद्धत चार शेजारी पाहते, बायक्यूबिक सोळा आणि लांत्सोश सहसा छत्तीस. हे तिसरं नाव कित्येक सॉफ्टवेअरच्या मेनूत असतं, पण माणूस कुणाला माहीत नसतो! कॉर्नेलियस लांत्सोश हे हंगेरियन गणिती. १९२८-२९मध्ये ते बर्लिनला आइन्स्टाइनचे सहाय्यक होते. फूरिए मालिका, म्हणजे अनेक लहरींची बेरीज, मध्येच तोडली की उसळणारे तरंग शमवायची त्यांची युक्ती क्लॉड ड्यूशन या हवामानशास्त्रज्ञाने १९७९मध्ये आपल्या विदेसाठी गाळणी म्हणून वापरली आणि तिला त्यांचं नाव दिलं. लांत्सोश १९७४मध्येच वारले होते. फोटो मोठा करतानाही वापरल्या जाणाऱ्या या गाळणीत काही शेजाऱ्यांचं वजन उणे असतं, म्हणून कडा धारदार दिसतात. पण गडद कडेलगत फिकट किनारही उमटते.

एआय शेजाऱ्यांपाशी थांबत नाही, शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून तपशील रचतं. २०२०मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. लहान केल्यावर दिलेल्या फोटोशी जुळेल असाच चेहरा ती शोधते. असे चेहरे अनेक असू शकतात. म्हणूनच ‘हरवलेले तपशील परत आणतो’ ही जाहिरात मला मान्य नाही.

वाचकाने फोटो पाठवणाऱ्याकडेच मूळ फाइल मागावी, तीही डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे ती वाटेत लहान होणार नाही.