लॉकमारिआकेर

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रदेशातील, नवाश्मयुगीन महापाषाणीय अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. मॉर्बियां आखाताच्या मुखाशी ते वसले असून कार्नाकच्या विख्यात पाषाणरांगा याच परिसरात आहेत. हा किनारपट्टीचा भाग कार्नाकसह २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

येथील ‘ग्रां मनीर ब्रीझे’ (भग्न महास्तंभ) हा प्रागैतिहासिक यूरोपातील ज्ञात एकसंध शिलास्तंभांत सर्वांत मोठा होय. ‘मनीर’ हा शब्द ब्रेटन भाषेतील ‘मेन’ (दगड) व ‘हिर’ (लांब) यांपासून बनला. स्तंभाची लांबी सु. २० मी. व वजन सु. ३०० टन असून आज त्याचे चार तुकडे जमिनीवर पडलेले आहेत. त्याचा दगड स्थानिक नाही. धातूंची अवजारे ठाऊक नसलेल्या लोकांनी तो काही किमी. अंतरावरून आणला. उभारण्यापूर्वीच तो मोडला, हे जुने मत आता मागे पडले आहे. इ. स. पू. सु. ४५०० च्या सुमारास तो उभा होता व त्याच्यालगत आणखी १८ स्तंभांची रांग होती, असे त्यांच्या खड्ड्यांवरून दिसून आले. बुडाचा तुकडा एका दिशेस व उरलेले तीन दुसऱ्या दिशेस पडले आहेत. त्यामुळे स्तंभ भूकंपाने कोसळला की मुद्दाम पाडला, याविषयी मतभेद आहेत.

मुद्दाम पाडल्याच्या मताला शेजारच्या ‘ताब्ल दे मार्शां’ या कोठडीयुक्त थडग्यामुळे बळकटी येते. त्याच्या छतशिलेच्या खालच्या अंगावर दांड्यासह कुऱ्हाडीसारखी आकृती व एका पशूचा काही भाग कोरलेला आहे. १९८३-८४ च्या सुमारास शार्ल-तांगी ल रू या पुरातत्त्वज्ञाने सु. ४ किमी. दूर असलेल्या गाव्रिनीस बेटावरील थडग्याची छतशिला वरून उघडी केली, तेव्हा याच चित्राचा उर्वरित भाग तिच्यावर आढळला. दोन्ही शिला सु. १४ मी. उंचीच्या एकाच कोरीव स्तंभाच्या असून तिसरा तुकडा लॉकमारिआकेर येथील एर ग्राह या लांबट थडग्यात वापरला असल्याचे मानतात. पूर्वजांचे स्तंभ फोडून थडगी बांधणे हा अनादर होता, की जुन्या शिलांचे पावित्र्य नव्या वास्तूत आणण्याचा प्रयत्न, हे केवळ दगडांवरून ठरविणे कठीण आहे.

भग्न स्तंभ, ताब्ल दे मार्शां व एर ग्राह एकाच आवारात पाहावयास मिळतात. मात्र ती एकाच वेळची रचना नव्हे. ताब्ल दे मार्शांवरील दगडांची रासही विसाव्या शतकात पुन्हा रचलेली आहे. गाव्रिनीसला लार्मोर-बादें येथून नावेने जातात. तेथील कोरीव भिंती पाहता येतात; छतशिलेवरील पशूचे चित्र मात्र वरच्या अंगास, राशीच्या आत असल्याने दिसत नाही.