परसातील गायक

फाल्गुन सरत आला, की इंद्रायणीकाठच्या आमच्या निघोजे गावात पहाटे दोन आवाज ऐकू येतात. एक, चाकणच्या औद्योगिक वसाहतीकडे कामगारांना घेऊन जाणाऱ्या गाड्यांचा. दुसरा, परसातील कडुलिंबाच्या शेंड्यावर गाणाऱ्या दयाळाचा. पहिला घरात बसूनही ऐकू येतो. दुसऱ्यासाठी मात्र मुद्दाम परसात यावे लागते.

शाळेतून निवृत्त झालो, त्या वर्षी मी कडुलिंबाच्या फांदीला एक फळी टांगली. तीवर रोज मूठभर बाजरी आणि तांदळाच्या कण्या टाकाव्यात आणि ओसरीवर बसून वाट पाहावी, असा क्रम सुरू झाला. दयाळाने खाली यावे व त्याचे गाणे जवळून ऐकावे, एवढीच इच्छा. चिमण्या आल्या, पारवे आले, साळुंक्याही भांडत भांडत आल्या. दयाळ मात्र फळीकडे ढुंकूनही पाहीना. पंधरा दिवस मी धान्य बदलून पाहिले. मग एके सकाळी अळूच्या वाफ्यात पाणी सोडून खुरप्याने माती हलवीत होतो, तोच तो काळापांढरा पक्षी शेपूट उभारून माझ्यापासून चार हातांवर उतरला! ओल्या मातीतून त्याने एक अळी टिपली आणि क्षणात तो उडून गेला. आयुष्यभर मुलांना शिकविले, पण ज्याला जेवायला बोलावीत होतो तो खातो काय, एवढे विचारण्याचे मला सुचले नव्हते!

वास्तविक पक्ष्याची चोच पाहिली तरी त्याच्या आहाराचा अंदाज येतो. चिमणीची चोच आखूड व जाड, म्हणजे दाणे फोडण्यास योग्य. शिंजिराची लांब व बाकदार. ती जास्वंदीच्या फुलात सहज शिरते. दयाळाची सडपातळ चोच किडे टिपण्यासाठी असते. बुलबुलाला पिकलेली फळे प्रिय. पपईची फोड ठेवली, की तो हटकून येतो. मौज अशी, की दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या कोवळ्या पिलांना प्रामुख्याने किडे व अळ्याच भरविते. म्हणून ज्या परसात औषधे फवारून एकही किडा उरू दिला नाही, तेथे फळीवर कितीही दाणे असले तरी पिलांची उपासमारच होते.

आता दयाळ वसंतातच एवढा का गातो, ते पाहू. दिवस मोठे होऊ लागले, की पक्ष्यांच्या शरीरात विणीच्या हंगामाचे बदल घडू लागतात. नर उंच जागा धरून गातो. ‘ही जागा माझी आहे’ असे तो इतर नरांना बजावतो आणि त्याच सुरांनी मादीला बोलावतो. पक्ष्यांचे ध्वनियंत्र श्वासनलिका जेथे दुभंगते तेथे असते. गायक पक्षी त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे वापरू शकतात. गंमत म्हणजे कोकीळ शास्त्रज्ञांच्या लेखी गायक पक्ष्यांच्या गणात बसत नाही. कावळा मात्र बसतो!

अशा गोष्टी ध्यानात येण्यास एका जागी स्वस्थ बसावे लागते. थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या घरट्यांवर असाच दीर्घकाळ पहारा केला. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मगच तो ते पुरे करतो आणि पुन्हा दुसरे विणू लागतो, हे त्यांना त्यातूनच कळले.

थंड देशांत हिवाळ्यात सारे हिमाखाली झाकले जाते, तेव्हा पक्ष्यांना दाण्यांचा मोठा आधार होतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात खरी ददात असते ती पाण्याची. आपण वाटसरूंसाठी पाणपोई घालतो, तसे मातीचे एक उथळ परळ सावलीत ठेवावे. पाणी दोन बोटे खोल पुरे. ते रोज बदलावे व परळ घासावे, नाहीतर त्यात डासांची वीण होते. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाला लागून मात्र ते ठेवू नये.

आमच्या शिवारातील कित्येक वावरे आता कारखान्यांखाली गेली आहेत. जुनी झाडेही कमी झाली. दयाळाला घरट्यासाठी झाडाची ढोली किंवा भिंतीतील भोक लागते. परसाच्या जुन्या भिंतीची एक वीट निखळली आहे. ती बुजवून भिंतीला गिलावा करावा, असा घरच्यांचा आग्रह होता. मीही गवंडी ठरविला. परंतु गेल्या आठवड्यात राखी रंगाची दयाळाची मादी चोचीत गवताची काडी धरून त्या भोकात शिरताना दिसली. गवंड्याला मी आता आषाढ संपल्यावर यावयास सांगितले आहे.