हुकूमशहाला दार कुणी उघडलं?

मित्रांनो, 'हुकूमशहा' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अंगात लष्करी गणवेश, छातीवर बिल्ले, मागे रणगाड्यांची रांग, आणि एका रात्रीत राजवाड्यावर हल्ला करून गादी बळकावणारा माणूस! सिनेमात असंच दाखवतात, नाही का?

पण विसाव्या शतकातला सर्वांत भयंकर हुकूमशहा, जर्मनीचा अ‍ॅडॉल्फ हिटलर, असा आलाच नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी तो राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत गेला, देशाची राज्यघटना आणि कायदे पाळण्याची रीतसर शपथ घेतली, आणि चॅन्सेलर, म्हणजे आपल्याकडच्या पंतप्रधानांसारखा, झाला. त्यानंतर अवघ्या अठरा महिन्यांत ती राज्यघटना नावापुरती उरली आणि साडेसहा कोटींच्या देशात एकाच माणसाचा शब्द चालू लागला.

घरात चोर शिरला आणि कुलूप तर शाबूत आहे, तर आपण काय म्हणतो? दार कुणीतरी आतून उघडलं! मग हे दार कुणी उघडलं? चला, जरा तपास करू या.

फसलेला उठाव

कुलूप फोडण्याचा प्रयत्न हिटलरनं आधी करून पाहिला होता बरं का! नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिक शहरात त्यानं आपल्या माणसांना घेऊन सशस्त्र उठाव केला. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी तो मोडून काढला. हिटलरवर देशद्रोहाचा खटला चालला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. न्यायालय मात्र त्याच्याशी फारच मऊपणानं वागलं. डिसेंबर १९२४ मध्ये तो तुरुंगातून बाहेरसुद्धा आला!

या फजितीतून त्यानं एक धडा घेतला. बंदुकीनं सरकार घेता येत नाही, तर मतांनी घ्यायचं. लोकशाहीच्या शिडीवरून वर चढायचं आणि वर पोचलं की शिडीच काढून टाकायची.

लोकांनी मतं दिली तरी का?

तुम्ही म्हणाल, जर्मन लोक तर शिकलेले, शास्त्रज्ञांच्या आणि संगीतकारांच्या देशातले. त्यांना कळलं कसं नाही?

त्यासाठी त्या लोकांचे हाल समजून घ्यायला हवेत. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला होता. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानं त्याच्यावर युद्धाची जबाबदारी आणि भरपाईचं ओझं टाकलं होतं. १९२३ साली तर पैशाची किंमत इतकी घसरली, की नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत! मुलं नोटांच्या गड्ड्या रचून मनोरे बांधत खेळायची. जन्मभर साठवलेली पुंजी मातीमोल झाली.

पुढं थोडे बरे दिवस आले. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला शंभरात तीन मतंसुद्धा मिळाली नाहीत. पोट भरलेलं असताना त्याचा आरडाओरडा कुणी ऐकला नाही. पण १९२९ साली जगभर मंदी आली, कारखान्यांना टाळी लागली, आणि १९३२ पर्यंत साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये नाझी पक्षाला ३७ टक्के मतं मिळाली आणि तो संसदेतला सर्वांत मोठा पक्ष बनला.

हिटलर सांगायचा काय? अवघड प्रश्नाचं सोपं उत्तर! "तुमच्या सगळ्या दुःखाला ज्यू लोक जबाबदार आहेत." आता गंमत पाहा. जर्मनीत ज्यू होते सुमारे पाच लाख, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. एवढ्या थोड्या लोकांनी अख्खा देश बुडवला, हे गणित कुणीही करून पाहिलं असतं तर चुकलेलं दिसलं असतं. पण रागावलेल्या आणि घाबरलेल्या माणसाला गणित नको असतं, गुन्हेगार हवा असतो.

"तो तर आपल्या खिशात आहे!"

तरीही निम्म्याहून जास्त मतं हिटलरला कधीच मिळाली नव्हती. उलट नोव्हेंबर १९३२ मध्ये फेरनिवडणूक झाली, तेव्हा त्याच्या जागा २३० वरून १९६ वर घसरल्या. मग तो चॅन्सेलर झाला कसा?

इथं आपल्याला दार उघडणारे पहिले हात सापडतात. फ्रान्झ फॉन पापेन नावाचे एक बडे राजकारणी आणि त्यांचे मित्र यांना हिटलरची गर्दी हवी होती. हिटलर नको होता. त्यांनी हिशेब केला, की त्याला खुर्ची द्यायची, भोवती मंत्री मात्र आपले ठेवायचे. पहिल्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी होते फक्त तीन! म्हातारे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग आधी तयार नव्हते. पापेननी त्यांचं मन वळवलं. दोन महिन्यांत हिटलरला कोपऱ्यात ढकलू, अशी पापेनना खात्री होती. दोन महिन्यांनी कोपऱ्यात कोण होतं, ते आता पाहा.

एक आग आणि दोन कागद

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनमधली संसदेची इमारत, राईशस्टाग, पेटली. आत एक डच तरुण सापडला. "हा साम्यवाद्यांचा देशव्यापी कट आहे," असं सरकारनं लगेच जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं एक हुकूम निघाला. बोलण्याचं, छापण्याचं, सभा घेण्याचं स्वातंत्र्य स्थगित. टपाल उघडायला, टेलिफोन ऐकायला, कुणालाही चौकशीशिवाय डांबायला सरकार मोकळं. हे सगळं म्हणे तात्पुरतं, लोकांच्या रक्षणासाठी! तो 'तात्पुरता' हुकूम नाझी राजवट संपेपर्यंत, म्हणजे १९४५ पर्यंत, बारा वर्षं चालला.

दुसरा कागद २३ मार्चला संसदेपुढं आला. संसदेला न विचारता सरकारला कायदे करता यावेत, असा तो कायदा होता. मुदत चार वर्षांची. पुढं ती वाढवतच नेली. जळालेल्या संसदेऐवजी एका नाट्यगृहात बैठक भरली. आतबाहेर हिटलरचे गणवेशधारी स्वयंसेवक धमकावत उभे. साम्यवादी खासदारांना येऊच दिलं नव्हतं. कित्येक जण तुरुंगात होते. अशा वातावरणात ओटो वेल्स हे समाजवादी नेते उठले आणि हिटलरच्या तोंडावर म्हणाले, की आमचं स्वातंत्र्य आणि प्राण तुम्ही घेऊ शकाल, इज्जत घेऊ शकणार नाही. विरोधात ९४ मतं पडली, सगळी त्यांच्या पक्षाची. बाजूनं पडली ४४४.

म्हणजे संसदेनं स्वतःच्याच हातांनी स्वतःला कुलूप लावलं आणि किल्ली देऊन टाकली! ज्यांनी बाजूनं मत दिलं ते सगळे काही नाझी नव्हते. कुणी घाबरले होते, कुणाला वाटलं की आत्ता मान तुकवली तर पुढं आपला पक्ष वाचेल. जुलै उजाडला तेव्हा नाझी सोडून दुसरा एकही पक्ष ठेवायचा नाही, असा कायदा झाला.

जून १९३४ च्या शेवटी हिटलरनं स्वतःच्याच पक्षातल्या नको झालेल्या माणसांना आणि काही जुन्या विरोधकांना गोळ्या घालवल्या. मग तीन दिवसांत कायदा केला, की हे कृत्य कायदेशीर होतं. आधी खून, मागून कायदा! ऑगस्टमध्ये हिंडेनबुर्ग वारले, त्यांचंही पद हिटलरनं घेतलं, आणि सैनिकांनी शपथ घेतली ती राज्यघटनेची नव्हे, तर अ‍ॅडॉल्फ हिटलरची. अठरा महिने पूर्ण झाले होते.

रेडिओ, शाळा आणि शेजारी

सत्ता मिळवणं एक आणि टिकवणं दुसरं. बारा वर्षं ती टिकली कशी?

केवळ भीतीनं नाही, हे लक्षात घ्या. लोकांना कामं मिळू लागली, रस्ते झाले, कामगारांना स्वस्तात सहली मिळाल्या. त्यामुळं पुष्कळांना वाटलं, "आपलं बरं चाललंय ना? मग दुसऱ्याचं काय होतं ते कशाला बघा!" यातली बरीचशी कामं युद्धाच्या तयारीची होती, हे त्यांनी पाहिलं नाही.

सरकारनं १९३३ सालीच एक स्वस्त रेडिओ काढला. त्याचा क्रमांक होता ३०१. का, ओळखा पाहू! ३० तारीख, पहिला महिना. हिटलर सत्तेवर आला तो दिवस. घरोघर एकच आवाज पोचू लागला. पुढं युद्ध सुरू झाल्यावर परदेशी केंद्र ऐकणं हा गुन्हाच ठरला.

आणि शाळा? वर्गात गुरुजी आले की 'हाइल हिटलर' म्हणत हात उंचवायचा. गणिताच्या एका पुस्तकात उदाहरण होतं, की मनोरुग्णांच्या इस्पितळाला इतके मार्क खर्च येतो, तर तेवढ्यात किती घरं बांधून होतील? मुलांनी भागाकार केला, उत्तर बरोबर आलं, पुढचं उदाहरण घेतलं. पण प्रश्नातच विष होतं! आजारी माणूस म्हणजे वायफळ खर्च, हे त्या भागाकारानं शिकवलं. १९४० आणि १९४१ साली जर्मनीत अशा सुमारे सत्तर हजार आजारी आणि अपंग माणसांना विषारी वायूनं ठार मारण्यात आलं.

शाळा सुटली की 'हिटलर युथ'. तिथं गणवेश, सहली, शेकोटी, गाणी. कुणाला आवडणार नाही? दहा वर्षांपासून मुलामुलींना त्यात घेत. १९३९ मध्ये ते सक्तीचं झालं. याच संघटनेतल्या कोवळ्या मुलांना १९४५ साली बर्लिन वाचवायला रणगाड्यांपुढं उभं केलं गेलं.

मग गेस्टापो, ते गुप्त पोलीस? तुम्हाला वाटेल, ते गल्लोगल्ली असतील. खरं तर १९३७ च्या सुमारास सगळ्या देशात ते सात हजारांच्या आसपासच होते. मग त्यांना सगळं कळायचं कसं? शेजारी सांगायचे! जुनी भांडणं काढायला, बढती मिळवायला, कधी नुसतंच सरकारच्या नजरेत भरायला लोक चिठ्ठ्या पाठवत. हजार डोळ्यांचा तो राक्षस होता खरा, पण त्यातले बहुतेक डोळे साध्या माणसांचे होते.

याचा शेवट ठाऊक आहेच. दुसरं महायुद्ध पेटलं आणि सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली. त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुलं होती. तुमच्याएवढी, तुमच्याहून लहान.

दोन भावंडं

सगळेच गप्प बसले का? नाही. हान्स आणि सोफी शोल ही भावंडं शाळेत असताना मोठ्या हौसेनं हिटलर युथमध्ये गेली होती. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. पण हळूहळू दोघांना दिसू लागलं, की इथं प्रश्न विचारायला बंदी आहे. पुढं म्युनिकच्या विद्यापीठात त्यांनी मित्रांबरोबर 'व्हाइट रोझ', म्हणजे 'पांढरा गुलाब', या नावानं हिटलरविरोधी पत्रकं काढली. १८ फेब्रुवारी १९४३ ला विद्यापीठात पत्रकं टाकताना तिथल्याच एका शिपायानं त्यांना पाहिलं आणि पकडून दिलं. चार दिवसांत खटला झाला आणि शिक्षाही अमलात आली. हान्स चोवीस वर्षांचा होता, सोफी एकवीस. त्यांचं शेवटचं पत्रक देशाबाहेर पोचलं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश विमानांनी त्याच्या असंख्य प्रती जर्मनीवर टाकल्या.

दार उघडायला किती हात लागले, ते आपण पाहिलं. ते लावून घ्यायला निघालेले हात थोडे होते, आणि फार उशीर झाला होता. हीच लाखो माणसं १९३२ मध्ये जागी झाली असती तर कुणाचं डोकं उडालं नसतं. नुसतं मतदान करून भागलं असतं.

आपल्या घरचं दार

आपली राज्यघटना तयार होत असताना हा सगळा इतिहास ताजा होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक इशारा दिला. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता.

आपल्याकडेही जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. वर्तमानपत्रांवर बंधनं आली, हजारो माणसं विनाचौकशी तुरुंगात गेली. जर्मनीतल्या संहाराशी तिची तुलना होणार नाही. पण १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी मतपेटीतून सरकार बदललं. १९७८ च्या घटनादुरुस्तीनं असं ठरलं, की आणीबाणीतसुद्धा माणसाचा जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. त्या दिवसांबद्दल आजी-आजोबांना जरूर विचारा. दोघांची मतं वेगळी निघाली तर आणखी छान, दोन्ही ऐका!

आणि आईबाबांसाठी एक विनंती. मुलांनी "असं का?" विचारलं तर "गप्प बस" म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर दोघं मिळून शोधा.

मित्रांनो, तुम्हाला मतदानाला अजून काही वर्षं आहेत. पण सराव आजपासून करता येतो. वर्गात काहीही हरवलं की सगळे एकाच मुलाकडं बोट दाखवतात का? "सगळे म्हणतात" याच्यापलीकडं कुणी पुरावा मागतं का? त्या मुलाच्या बाजूनं बोलायला कुणी उठतं का? उद्या शाळेत जाल तेव्हा जरा बघा. आणि कुणीच उठत नसेल, तर तुम्ही उठा.