तिरपा प्रकाश आणि मुद्रित पृष्ठभाग

सूक्ष्मदर्शकाचा विचार करताना आपण भिंगांची शक्ती प्रथम लक्षात घेतो. प्रकाश कोठून व किती अंशांनी यावा, हा प्रश्न बहुधा परिचरावर सोपविला जातो. वस्तुतः पुष्कळदा निष्कर्ष त्यावरच ठरतो. याचे उत्तम उदाहरण नाशिक रोड येथेच उपलब्ध आहे. येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात सुमारे पाव शतकात टपाल तिकिटांसाठी तीन भिन्न पद्धती वापरल्या गेल्या : पंचम जॉर्जच्या १९२६ नंतरच्या नित्य तिकिटांसाठी उठावाच्या ठशांचे मुद्रण, नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त १९३१ साली निघालेल्या चित्रमालिकेसाठी शिळामुद्रण, आणि १ ऑक्टोबर १९५२ च्या संतकवींच्या मालिकेसाठी फोटोग्रॅव्ह्यूर.

अशा अपारदर्शक वस्तूवर प्रकाश वरून पाडावा लागतो. तो वस्तुभिंगातूनच सरळ खाली सोडला, तर फोटोग्रॅव्ह्यूरची बारीक जाळी आणि ठशाच्या दाबाने कडेला सरकलेली शाई स्पष्ट दिसते. उंचसखलपणा मात्र नाहीसा होतो. त्यासाठी दिवा बाजूला घेऊन प्रकाश जवळजवळ पृष्ठभागास घासून जाऊ द्यावा. प्रकाशाचा कोन १० अंशांचा असेल, तर ०.०२ मिलिमीटर उंचीच्या कडेची सावली सुमारे ०.११ मिलिमीटर पडते. ठशाने दबलेला कागद येथे ओळखता येतो. शिळामुद्रण सपाटच राहते.

परंतु येथेच एक फसगत संभवते. संयुक्त सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा उलटी असते. डावीकडचा दिवा उजवीकडे असल्यासारखा भासतो. निरीक्षकाच्या ध्यानी हे नसेल, तर खळगा उंचवटा वाटतो आणि दबलेली रेषा उठावदार ठरते. त्यावर उपाय साधा आहे. नळी सावकाश वर घ्यावी. शेवटी स्पष्ट होणारा भाग उंच. ही कसोटी सावल्यांवर अवलंबून नाही, म्हणून छायाचित्रापेक्षा मी तिलाच अधिक मान देतो.

कागदाचे तंतू पाहावयाचे तर ते पाण्याच्या थेंबात विलग करून प्रकाश खालून द्यावा. ऑगस्ट क्योलर याने १८९३ साली सांगितलेली रचना आजही प्रमाण आहे. तीत दिव्याची प्रतिमा वस्तूवर न पडता कंडेन्सरच्या पडद्याच्या प्रतलात पडते, त्यामुळे क्षेत्र सर्वत्र सारखे उजळते. उजेड फार झाला म्हणून तो पडदा मिटविण्याची विद्यार्थ्यांची सवय घातक होय; विभेदनक्षमता घटते व तंतूंच्या कडेला खोट्या रेषा उमटतात. उजेड दिव्याशीच कमी करावा.

दोन ध्रुवकांचे अक्ष काटकोनात ठेवले असता क्षेत्र काळे होते, पण सेल्युलोजचे तंतू द्विवक्रीभवनामुळे चमकतात. कापसाचा तंतू पीळदार असल्याने मंच फिरविला तरी पुरता विझत नाही. अळशीचा सरळ तंतू जवळजवळ विझतो. झेर्निके यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारी कलाभेद पद्धती रंगहीन जिवंत पेशींसाठी अमोल आहे, शाईच्या थरापुढे मात्र निरुपयोगी.

जंबुपार किरणांत १९२६ च्या तिकिटाचा कागद निळसर उजळला, तर संशय घेणे योग्यच. कागद उजळविणारी रंगहीन द्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. तथापि आधुनिक धुलाई-चूर्णांतही तीच द्रव्ये असतात, आणि एखाद्या संग्राहकाने तिकीट त्या पाण्यात भिजविले असण्याची शक्यता आधी तपासावी लागते.